समजूतदार नवरा, वय २८ ते ३२

खडवलीत राहून मराठी सिनेमावर लिहायचं तर दिग्दर्शकांच्या नावांआधी गाड्यांच्या वेळा पाठ असाव्या लागतात. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग आम्ही. बऱ्याच गाड्या टिटवाळ्यालाच माना टाकतात. पुढे यायचं तर आसनगाव नाही तर कसारा. एक चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर चहा, मग आणखी एक चहा. आमच्याकडे थिएटर नाही, भातसा नदी आहे. रविवारी तिथे शहरातली पोरं रील काढायला येतात, तेवढाच आमचा चित्रीकरणाशी संबंध. सिनेमा बघायला कल्याण गाठायचं.

२०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. बराच गदारोळ झाला. शेवटी तडजोड अशी निघाली की दुपारी बारा ते रात्री नऊ हा सगळाच प्राइम टाइम. दुपारचे बारा! त्या वेळी सिनेमा बघायला मोकळा कोण असतो, तर निवृत्त माणसं आणि समीक्षक. एकदा मी असाच बाराचा शो गाठायला दहाची गाडी पकडून गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘सर, चारच तिकिटं गेलीत, शो होणार नाही. पैसे परत देतो. हिंदी चालेल का?’ बाकीच्या तिघांपैकी दोघांनी हिंदी चालवून घेतलं. पडद्यावर जो नट दिसणार होता तो याच गावात नाटकं करत मोठा झालेला. बाहेर त्याचं पोस्टर होतं, आत तो नव्हता.

त्या पोस्टरवरच्या नटाच्या पिढीबद्दल मला लिहायचं आहे. १९८१ ते १९९६ या काळात जन्मलेली, इंग्रजीत जिला मिलेनियल म्हणतात ती पिढी. आज ती तिशी-चाळिशीत आहे, म्हणजे नटाच्या हातात सगळं यावं अशा वयात. माझं मत आधीच सांगून टाकतो: इतकी तयारीची पिढी मराठी पडद्याला क्वचित मिळाली असेल, आणि तिचं काय करायचं हे मराठी पडद्याला कळलेलं नाही.

या पिढीच्या आधीचा नट कसा जगायचा? डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करत. बँका, गिरण्या, बेस्ट, टपाल खातं, जिथे पगार होता तिथे नाटकवाले होते. सकाळी सही, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार प्रयोग. बॉस नाटकवेडा असला तर सुटी, नसला तर आजारपण. या व्यवस्थेची चेष्टा खूप झाली. हौशी, पांढरपेशे, रविवारचे नट असं म्हटलं गेलं. पण तिच्यात एक मोठी सोय होती. बँक नटाच्या घरची चूल पेटती ठेवायची आणि बदल्यात त्याच्या अभिनयातलं काहीच मागायची नाही. लेजरवर बसलेला माणूस संध्याकाळी ताजा चेहरा घेऊन विंगेत उभा राहू शकायचा.

ती बँक बंद झाली. सराफी तेवढी बदलली. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आलं, ते पुढे झी मराठी झालं. पाठोपाठ ई टीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली ती तीन हजारांहून अधिक भाग चालली. अल्फा सुरू झालं तेव्हा १९८७ साली जन्मलेला मुलगा बारा वर्षांचा होता. तो कॉलेजातून बाहेर पडला तोवर मराठी नटासाठी पक्क्या पगाराची एकच जागा उरली होती: रोजची मालिका. मालिका ही या पिढीची स्टेट बँक. घराचे हप्ते तिच्यावर, लग्न तिच्यावर, आईवडिलांचा विश्वास तिच्यावर. फरक इतकाच की ही बँक व्याज अभिनयातून कापून घेते.

कसं, ते सांगतो. आमच्या चाळवजा इमारतीतला एक मुलगा घोडबंदर रोडवर एका मालिकेत काम करतो. काम म्हणजे नायकाच्या ऑफिसातला माणूस. घोडबंदरच्या पट्ट्यात बंगले भाड्याने घेऊन मालिकांची घरं उभी केलेली असतात. एकाच बंगल्याचा खालचा मजला देशमुखांचा, वरचा मजला त्यांच्या वैऱ्यांचा. शिफ्ट बारा तासांची. पानं सेटवर हातात पडतात, कधी शाई वाळायच्या आत. ‘बँक नाही’ हा तिथला सगळ्यात धसक्याचा शब्द. बँक म्हणजे आगाऊ चित्रित करून ठेवलेले भाग. ती संपली की आज शूट केलेलं उद्या रात्री जातं, आणि मग अभिनयाबद्दल कुणी बोललंच तर तो विनोद धरला जातो. पहिल्यांदा मास्टर, म्हणजे सगळे एकत्र दिसणारा शॉट, मग प्रत्येकाचा क्लोज, मग प्रतिक्रियांचे क्लोज. कोणी काही बोललं की पाच जणांचे चेहरे एकामागून एक. हा मुलगा मला म्हणाला, ‘काका, मी आता विचार न करता विचारात पडू शकतो.’ मला हसू आलं, मग आलं नाही. आणि हे करून पैसे हातात पडतात तीन महिन्यांनी. नव्वद दिवसांचं क्रेडिट हा या धंद्यातला रिवाज आहे, मूळची बँक तसं करत नसे.

आता ज्याचं पोस्टर पाहिलं त्याच्याकडे येतो. ललित प्रभाकर, जन्म १९८७. कल्याणमध्ये ‘मिती-चार’ नावाची संस्था आहे, कवी आणि दिग्दर्शक रवींद्र लाखे यांची. ललित तिथे घडला. मुंबईबाहेरच्या प्रायोगिक संस्था म्हटल्या की पुण्याची नावं लगेच निघतात. कल्याणचं निघत नाही, कारण कल्याण म्हणजे जिथून गाडी बदलतात ते ठिकाण असा सार्वत्रिक समज आहे. एकांकिका स्पर्धांचा नट आणि अशा संस्थेचा नट यांच्यात एक फरक असतो. स्पर्धेत पाऊण तासात परीक्षकांना जिंकायचं असतं. चतुरंगची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री सुरू होते ती पहाटेपर्यंत. पहाटे चारला पेंगणाऱ्या नाट्यगृहाला जागं करायचं तर आवाज लागतो, ब्लॅकआउटच्या आधीचं वाक्य नेमकं लागतं, टाळीची जागा हेरावी लागते. या पिढीतल्या बहुतेकांचा पाया तिथला. त्यांचा जोर आणि त्यांचा दोष दोन्ही तिथून आले: मोठ्या पडद्यावरसुद्धा काही जण अजून टाळीची जागा शोधत असतात. कवीच्या तालमीत वाढलेला नट दोन वाक्यांच्या मधे थांबायला घाबरत नाही. ललितचं थांबणं मला नेहमी त्या तालमीचं वाटतं.

त्याची कारकीर्द मी नवऱ्यांच्या भूमिकांमधून वाचतो. हसण्यासारखं आहे, पण मराठी पडदा पुरुष नटाला प्रामुख्याने कोणत्या नात्यात ओळखतो, याचा तो चांगला नकाशा आहे.

पहिला नवरा आदित्य देसाई. ‘जुळून येती रेशीमगाठी’, झी मराठी, २०१३ ते २०१५. प्राजक्ता माळी मेघना. तिचं प्रेम दुसऱ्या आदित्यवर, वडिलांच्या धाकाने लग्न याच्याशी. आणि हा नवरा बायकोचा प्रियकर शोधून द्यायला निघतो. संध्याकाळी कुकर लावता लावता ही मालिका बघणाऱ्या बायकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याचं कारण मला तेव्हाच दिसत होतं: हा नवरा आवाज चढवत नव्हता. मराठी मालिकांत त्या आधी नवरे एक तर आईच्या पदराला बांधलेले असत, नाही तर पार्टीला गेलेले. आदित्य घरात होता, ऐकत होता. नटाने यात काय केलं? मालिकेने मागितलेले प्रतिक्रियांचे क्लोज त्याने ऐकण्यात बदलले. पाच चेहऱ्यांच्या त्या फेरीत एक चेहरा खरोखर ऐकताना दिसे. इतकंच, पण जवळपास दोन वर्षं रोज संध्याकाळी तेवढं टिकवणं सोपं नाही.

इथून पुढे एक ठरलेला रस्ता असतो. लाडका नवरा दुसऱ्या मालिकेत दुसऱ्या नावाने तोच नवरा होतो, मग तिसऱ्या. उद्घाटनं, दहीहंडी, साडीच्या दुकानाची फीत. अनेक गुणी माणसं त्या रस्त्याने गेली आणि मला त्यांना दोष देववत नाही. हप्ते खरे असतात. ललित त्या रस्त्याने गेला नाही.

दुसरा नवरा अजून नवरा झालेला नव्हता. परेश मोकाशींचा ‘चि. व चि. सौ. कां.’, मे २०१७. सौरऊर्जेचं वेड घेतलेला सत्यप्रकाश आणि प्राण्यांची डॉक्टर सावित्री, म्हणजे मृण्मयी गोडबोले. ती लग्नाआधी एकत्र राहून बघायची अट घालते, आणि सगळं खानदान मधे येतं. मोकाशींच्या सिनेमात सगळी माणसं एका ठेक्यात बोलतात. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’पासून ती त्यांची शैली आहे. त्या ठेक्यात नटाला स्वतःचं काही करायला फट कमी मिळते. ललितने तिथे तत्त्वाला चिकटलेल्या माणसाचा भाबडेपणा पकडला. पंखा बंद करण्यातसुद्धा त्याला नैतिक समाधान मिळतं. आपल्या सगळ्यांच्या घरात असा एक काका असतो. इथे तो तिशीच्या आतला आणि देखणा होता, एवढीच गंमत.

तिसऱ्या नवऱ्यावर थांबायला हवं. ‘आनंदी गोपाळ’, दिग्दर्शक समीर विद्वांस, फेब्रुवारी २०१९. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा, कल्याणचा. माहेरची ती यमुना. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव टपाल खात्यात, वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठा. १८८६ मध्ये ती पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, पुरते बावीस व्हायच्या आत, पुण्यात गेली. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट पतीच्या थोरवीची म्हणून येते. ज्यांनी थोडं पुढे वाचलं त्यांना ठाऊक असतं की गोपाळराव तऱ्हेवाईक होते, तिरसट होते, आणि बायकोने शिकावं म्हणून तिच्यावर हात टाकायलाही कचरले नाहीत. बायकांना स्वयंपाक केला नाही म्हणून मार पडण्याच्या काळात हा माणूस उलट्या कारणाने मारत होता. त्याला आजच्या प्रेक्षकासमोर कसा उभा करायचा?

मोहरा तयार होता: आदित्य देसाई. तीच समजूत, तोच मंद आवाज, वर पागोटं. लोकांनी रुमाल काढले असते. ललितने तो मोहरा फेकून दिला. त्याचा गोपाळराव पाठीतून ताठ आहे, मानेला वळणं माहीत नसल्यासारखा. आवाज चढतो तो रागाने कमी आणि घाईने जास्त. जगाला आपल्याइतकी घाई का नाही हे न कळणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. भाग्यश्री मिलिंद आनंदी झाली आहे. ती समोर असताना त्याच्या नजरेत प्रेम येतं तेव्हा ते स्वतःच्या कल्पनेवर आहे की या मुलीवर, हे सांगता येत नाही. सिनेमाला ते पुरतं झेपलं नाही. उत्तरार्धात संगीत चढतं आणि नवऱ्याला माफी मिळते. पण नटाने माफी मागितलेली नाही. चारच वर्षांपूर्वी महाराष्ट्राचा लाडका नवरा असलेला माणूस आपल्याला न आवडण्याची जोखीम घेतो, याला मी त्या दशकातली एक महत्त्वाची गोष्ट मानतो. चित्रपटाला इतर सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो कल्याणमध्ये पाहिला. मध्यंतरात मागच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, ‘अगं, हा आपला आदित्य. बघ कसा वागतोय.’ नटाला याहून मोठी पावती नको.

आणि मग? याच प्रश्नापाशी माझं गाऱ्हाणं सुरू होतं. ज्या धंद्यात असं काम झाल्यावर लेखक त्या नटासाठी तीन गोष्टी घेऊन धावत येतात, तो धंदा जिवंत. मल्याळममध्ये ते होताना दिसतं. आपल्याकडे त्याच वर्षी ‘स्माईल प्लीज’ आला, मग महासाथ, मग २०२२ मध्ये सगळं एकदम: जानेवारीत ‘झोंबिवली’, मेमध्ये ‘पेट पुराण’, जूनमध्ये ‘मीडियम स्पाइसी’, नोव्हेंबरमध्ये ‘सनी’. बारा महिन्यांत झोपडपट्टीतला पुढारी, मूल नको म्हणणारा नवरा, लग्नाला घाबरणारा शेफ आणि लंडनला धाडलेला बापाचा लाडावलेला मुलगा. विविधता म्हणून हे दिपवणारं आहे. पण ओळीने पाहिलं की जाणवतं, एकाही भूमिकेला आधीच्या भूमिकेची आठवण नाही. गोपाळरावांत जे सापडलं होतं, त्या धाग्याला कुणी पुढे ओढलं नाही. ‘मीडियम स्पाइसी’ त्यातल्या त्यात जवळ आला. लेखन इरावती कर्णिकचं, दिग्दर्शन मोहित टाकळकरचं, दोघंही नाटकातले. तो सिनेमा माणसांना गप्प बसू देतो. प्रेक्षकही गप्प बसले, घरीच.

‘झोंबिवली’ आमच्या भागाचा सिनेमा म्हणून त्याच्यावर दोन शब्द. डोंबिवलीचं नाव पोस्टरवर आधी झळकलं ते २००५ साली, निशिकांत कामतच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये. त्यातला माधव आपटे बँकेत नोकरी करणारा. सतरा वर्षांनी त्याच गावावर आदित्य सरपोतदारने मुडदे सोडले. अमेय वाघ टॉवरमध्ये राहायला आलेला इंजिनीअर, ललित झोपडपट्टीतला विश्वास. रोगाचं मूळ पाण्यात. डोंबिवलीच्या एमआयडीसीलगत ज्यांनी नळ सोडून वास घेतला आहे त्यांना यात कल्पनारम्य काही दिसलं नाही. चित्रपट लागला तेव्हा थिएटरांत निम्म्याच खुर्च्यांना परवानगी होती. तरी लोक गेले, आणि आपल्या गावाचं नाव आलं की शिट्ट्या मारल्या. बँकवाल्या आपट्यापासून झोंबीपर्यंत मध्यमवर्गाचा प्रवास या दोन चित्रपटांत आहे. कुणी तरी त्यावर वेगळं लिहावं.

अमेय वाघचं नाव आलंच आहे. तोही १९८७ चा, पुण्याचा, ‘नाटक कंपनी’तला. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने २०१५ मध्ये घरोघरी पोचला, २०१७ मध्ये ‘मुरांबा’ आणि ‘फास्टर फेणे’, मधे ‘अमर फोटो स्टुडिओ’चे प्रयोग. आणि मग हिंदीत ‘असुर’, ‘काला पानी’. ‘काला पानी’तला त्याचा केतन कामत हा भ्रष्ट, भित्रा, लोचट पोलिस मला त्याच्या मराठीतल्या कुठल्याही भूमिकेहून अधिक पूर्ण वाटला. हे लिहिताना आनंद होत नाही. पुण्यात तयार झालेला माल, गिऱ्हाईक बाहेरचं. प्रिया बापटने, जन्म १९८६, तोच रस्ता आधी चालून पाहिला: ‘काकस्पर्श’, ‘वजनदार’, मग नागेश कुकुनूरच्या ‘सिटी ऑफ ड्रीम्स’मधली पूर्णिमा गायकवाड. आणि २०२३ मध्ये ती उमेश कामतबरोबर ‘जर तरची गोष्ट’ घेऊन नाट्यगृहात परतली. म्हणजे हिंदी पडद्यावरची मोठी बाई मराठी रंगमंचावर नाइट, म्हणजे प्रयोगामागे मानधन, घेते, आणि मराठी सिनेमा मधल्या मधे कोरडा.

बायकांचं गणित तर आणखी वाईट. पुरुष नटाचा रस्ता अडतो, बाईचा वळवतात. पस्तिशीत ललित शेफ होऊ शकतो. त्याच वयाच्या नटीला मालिकेत विशीतल्या पोराची आई विचारतात. आनंदी केल्यावर भाग्यश्री मिलिंदला आनंदीच्या तोलाचं काय मिळालं? मला आठवत नाही. आठवायला वेळ लागतो, यातच काय ते आलं.

ओटीटीने मधे आशा दाखवली. ‘शांतीत क्रांती’ आणि ‘पेट पुराण’ ही सोनी लिववरची दोन कामं मला आवडली. ‘पेट पुराण’मधला नवरा हा माझ्या यादीतला चौथा. दोघांना मूल नको, घरी कुत्रा-मांजर आणतात आणि आई-बाप, सासू-सासरे यांना तोंड देतात. दीडशे वर्षांत मराठी नवरा कुठून कुठे आला, हे एकाच चेहऱ्यावर बघायचं तर गोपाळराव आणि हा ओळीने बघावेत. पण हे व्यासपीठ मराठीसाठी हात आखडता घेऊन आहे. वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकी कामं, आणि त्यांच्यासाठी अख्खी पिढी रांगेत. त्या रांगेत आता नवा निकष आला आहे: इन्स्टाग्रामवर किती. मिलेनियल नटाची यात मोठी पंचाईत झाली. फोन नसताना तालमी केलेली ही शेवटची पोरं. त्यांना सांगतात, रील टाका. काही जण टाकतात, अवघडून, लग्नात नाचायला ओढलेल्या मामासारखे.

२०२५ मध्ये ललितचे ‘आरपार’ आणि ‘प्रेमाची गोष्ट २’ आले. प्रेमकथा. चाळिशीच्या उंबऱ्यावर त्याच्याकडून पुन्हा प्रेम करवून घेतलं जातं आहे. तो नीट करतो; त्याला वाईट करता येत नाही, हीच अडचण. निर्मात्याला वाटतं, चाललं.

गेल्या आठवड्यात तो घोडबंदरचा मुलगा रात्री अकराला दार वाजवून आला. हातात फोन, काखेत ट्रायपॉड. सेल्फ टेस्ट, म्हणजे फोनवर स्वतःच चित्रित केलेली ऑडिशन, सकाळपर्यंत पाठवायची होती, आणि समोरची वाक्यं वाचायला कुणी नव्हतं. कास्टिंग कोऑर्डिनेटरने पाठवलेला निरोप त्याने दाखवला: ‘नवरा, वय २८ ते ३२, समजूतदार, टापटीप. फॉलोअर्स कळवा.’ मी बायकोची वाक्यं वाचली. ती म्हणते, माझं दुसऱ्यावर प्रेम होतं. तो ऐकतो. एवढंच दृश्य.

पहिल्या टेकला त्याने पाच चेहऱ्यांच्या फेरीतला चेहरा केला. मी काही बोललो नाही. दुसऱ्यालाही तोच. तिसऱ्यांदा मी वाक्य वाचलं आणि नेमकी कसाऱ्याची गाडी आली. आमच्या खिडक्या थरथरतात. तो थांबला, गाडी जायची वाट बघत राहिला, माझ्याकडे बघत. मग हळूच म्हणाला, ‘माहीत होतं मला.’

आवाजात गाडी होती म्हणून त्याला चौथा घ्यायचा होता. मी त्याला तिसराच पाठवायला लावला. अजून काही कळलेलं नाही.